यंत्र वाजतं, माती सांगते

जन्माच्या वेळी आधी पाय बाहेर आलेल्या माणसाला आपल्याकडे ‘पायाळू’ म्हणतात. आजीच्या गोष्टींत हा पायाळू हमखास असायचा. त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला म्हणे जमिनीखालचं धन दिसायचं. मोहरांचा हंडा आणि त्यावर वेटोळं घालून बसलेला नागही. गोष्ट म्हणून हे ठीक होतं, पण असल्या समजुतींपायी माणसांचे बळी गेले. म्हणूनच महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत धनाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांचा उल्लेख करावा लागला.

आता पायाळूची जागा एका यंत्राने घेतली आहे. हातभर दांडी, खाली थाळीएवढं चक्र आणि कानाला हेडफोन. परदेशातल्या एखाद्या दीडदोनशे वर्षांच्या घराच्या अंगणात कोणी हा मेटल डिटेक्टर फिरवतो, कानात ‘टुंइं’ वाजतं, आणि वीतभर खालून पितळी बटण निघतं. असले व्हिडिओ मोबाइलवर पाहताना नगरकराच्या मनात हटकून एक विचार येतो. आपल्या भिंगार कॅम्पात गोऱ्या साहेबांच्या वेळच्या बंगल्यांची आवारं आहेत, भोवती इंग्रज आणि शिंद्यांच्या १८०३ च्या लढाईची रणभूमी आहे. तिथे हे फिरवलं तर?

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, तरी बोलण्यात ‘नगर’च येतं, म्हणून इथेही नगरच म्हणतो. तर या नगरच्या मातीत यंत्र वाजेल का? पुष्कळ वाजेल. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. वाजलेली वस्तू वर काढली की खाली काय उरतं? त्याचं उत्तर नगर जिल्ह्याइतकं स्पष्ट क्वचितच कुठे मिळेल.

गादीतल्या स्प्रिंगा

यंत्राचं तत्त्व अवघड नाही. चक्रात तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून उलटसुलट बदलता प्रवाह सोडला की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. खाली धातू असला तर त्या क्षेत्रामुळे त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि ते आपलं क्षीण क्षेत्र उलट पाठवतात. दुसरं वेटोळं ते टिपतं. लोखंड, तांबं, चांदी यांच्या प्रतिसादात किंचित फरक असतो, त्यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधतं. नाण्याएवढी वस्तू असेल तर साधारण वीतभर खोलीपर्यंत हे जमतं. शिवाय आपली जमीन बेसाल्टची, म्हणजे काळ्या कातळाची. तिच्यात लोहाचे चुंबकीय कण असल्याने काही नसतानाही यंत्र कुरकुरतं. मातीची ही कुरकुर वजा करायला आधी त्याचे कान पिळावे लागतात.

या यंत्राचा एक पूर्वज एका राष्ट्राध्यक्षाच्या बिछान्याशी भेटतो. जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं उपकरण घेऊन आले. पण गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या आणि डॉक्टरांनी तपासू दिली ती उजवीच बाजू. गोळी होती डावीकडे. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड गेले. धातू आहे एवढं उपकरण सांगत होतं. तो गोळीचा की गादीचा, हे ओळखणं त्याच्या कुवतीबाहेरचं होतं.

पुढे हे यंत्र लष्कराने पोसलं. दुसऱ्या महायुद्धात युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने हाती धरून चालण्याजोगा सुरुंगशोधक बनवला, त्याचं पेटंट न घेता तो ब्रिटिश सैन्याला देऊन टाकला, आणि १९४२ च्या शेवटी एल अलामेनच्या वाळूत तो कामी आला. त्याच महिन्यांत नगरच्या भुईकोट किल्ल्यात काँग्रेसचे नेते कैदेत होते, आणि त्यांच्यातला एक जण फुलझाडांसाठी माती उकरत होता. त्याच्याकडे शेवटी येऊ.

साहेबाच्या आवारात

नगरच्या मातीत इंग्रजांचा धातू शिरला तो तोफांच्या तोंडून. ८ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिंद्यांच्या ताब्यातली पेठ शिड्या लावून घेतली. १२ ऑगस्टला किल्ला पडला. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्यानंतर इथे लष्कर मुरलं ते आजतागायत. दोन्ही महायुद्धांत इथे शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांना कोंडणाऱ्या छावण्या होत्या. १९३९ मध्ये पकडला गेलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हारर, जो पुढे देहरादूनच्या छावणीतून पळून तिबेटात पोचला, तोही आधी इथे होता. ब्रिटिश विनोदवीर स्पाइक मिलिगनचा जन्म १९१८ चा, आणि तो नगरचा; वडील सैन्यात होते.

भिंगार कॅम्पातल्या एखाद्या जुन्या बंगल्याच्या आवारात आपण यंत्र फिरवतो आहोत, असं घटकाभर समजू. परवानगी काढली आहे, हेही समजूनच. पहिला तासभर फक्त लोखंड घोगरं वाजत राहील: खिळे, नाल, नालेचे खिळे, बादलीची कडी. मग एक स्वच्छ, वरच्या पट्टीतला सूर. खुरप्याने माती सारली की हिरवट चकती. अंगठ्याने पुसली तर सिंहांची जोडी आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी’ ही अक्षरं. कंपनीचा १८३५ चा तांब्याचा पाव आणा! ‘बंगला १८३५ चा’ म्हणून आपण मोकळे.

इथे जरा थांबायला हवं. नाण्यावरचं साल त्याच्या पाडण्याचं असतं, हरवण्याचं नव्हे. तांब्याची नाणी वर्षानुवर्षं हातोहात फिरायची. दख्खनच्या बाजारात शिवराई इंग्रजी अमलातही दीर्घकाळ चालत होती. शिवराई सापडली म्हणून तिथे शिवकाळात कोणी राहत होतं, असं म्हणता येत नाही.

मग साल ठरवायचं कशावरून? पाव आणा निघाला त्याच थरात हिरव्या जाड काचेचा तुकडा आहे, मानेत चिमटा घेतल्यासारखा, त्यात गोटी अडकण्याची जागा असलेला. हा गोटी सोडा. या बाटलीचं पेटंट हिरम कॉड या इंग्रजाने १८७२ मध्ये घेतलं. काच आणि नाणं एकाच वेळी, एकाच थरात पुरली गेली असतील, तर तो थर १८७२ च्या आधीचा असूच शकत नाही. पाव आण्याने आपल्याला निदान सदतीस वर्षांनी फसवलं असतं, काचेने वाचवलं. आणि यंत्र काचेला वाजत नाही.

घोगऱ्या खिळ्यांचंही तेच. सुटा गंजका खिळा भंगारातही जात नाही. पण पन्नास खिळे जागच्या जागी ठेवून कागदावर मांडले आणि ते सरळ रेषेत आले, तर तिथे लाकडी तुळयांचा तबेला कोसळलेला असू शकतो. उपटून पिशवीत भरले की तबेला दुसऱ्यांदा कोसळतो, आणि आता कायमचा.

हे यंत्र नीट वापरलं तर किती बोलकं होतं, याचं उदाहरण अमेरिकेत लिटल बिगहॉर्नला आहे. १८७६ मध्ये तिथे सू आणि शायेन योद्ध्यांनी जनरल कस्टरची तुकडी कापून काढली होती. १९८३ मध्ये वणव्याने गवत जळून गेलं आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी रांगेत डिटेक्टरवाले चालवले. वाजलं की हात लावायचा नाही, निशाण रोवायचं. मोजणी आणि नोंद झाल्यावरच वस्तू उचलायची. काडतुसांच्या बुडावर बंदुकीच्या टाचणीची खूण उमटते, प्रत्येक बंदुकीची वेगळी. त्या खुणा जुळवून कोणती बंदूक कुठून कुठे सरकत गेली, हे शंभरहून अधिक वर्षांनी नकाशावर काढता आलं. यंत्र साधंच होतं. शिस्त होती ती निशाण रोवण्याची.

एक रथ आणि एक दोरा

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथलं पांढरीचं टेकाड १९५८ मध्ये बी. पी. बोपर्डीकरांनी पुरातत्त्वाच्या नकाशावर आणलं. काळी म्हणजे शेताची आणि पांढरी म्हणजे वस्तीची, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंती मुरून ती माती पांढुरकी होते. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल हे तिथे एका झाडाचं मूळ खणत असताना कुदळ धातूवर आदळली. निघाली चार भरीव शिल्पं: हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ. सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोच्या वर.

रथ पाहताना डोळा हलत नाही. लांबी ४५ सेंटीमीटर. पुढे जुंपलेली बैलजोडी, लांब दांडी, दांडीवर उभा एक कुत्रा, आणि मागे सोळा सेंटीमीटर उंचीचा सारथी. पोळ्याच्या दिवशी मिरवायला काढावा असा हा ऐवज. म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी यांच्या मते तो उत्तर हडप्पाकाळातला, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा. पण डी. पी. अगरवाल यांनी धातूच्या पृथक्करणावरून शंका काढली. या शिल्पांत एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक आहे, त्या काळच्या इतर ताम्र वस्तूंत असं मिश्रण आढळत नाही. तेव्हा ही बरीच अलीकडची असू शकतात. पुढे तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन झालं, अनेक थर उलगडले. पण ही शिल्पं उत्खननात निघालेली नव्हती. ती नेमकी कोणत्या थरात, कशाच्या सोबतीने होती, हे पाहायची वेळ टळून गेली होती. छबू भिल यांचा यात दोष काहीच नाही. त्यांची कुदळ मुळाला लागली होती, लोभाला नव्हे. तरीही नेमकं साल सांगणारी माती त्या घावासरशी विस्कटली, आणि वाद उरला.

याच प्रवरेच्या काठी नेवाशाला लाडमोड नावाचं टेकाड आहे. डॉ. ह. धी. सांकळिया आणि डेक्कन कॉलेजची मंडळी १९५४ ते ५६ या काळात तिथे उत्खनन करत होती. त्याआधी संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्याला त्यांनीच तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी उजेडात आणल्या होत्या. त्या छोट्या गावाच्या नावावरून एक अख्खी संस्कृती आज ‘जोर्वे संस्कृती’ म्हणून ओळखली जाते. या लोकांत लहान मूल गेलं की मातीच्या रांजणात घालून घराच्याच जमिनीखाली पुरत. नेवाशाच्या अशा एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती.

इथे यंत्र नक्की वाजलं असतं. चांगला, स्वच्छ, तांब्याचा सूर. हात घालून उपसले असते तर मूठभर हिरवे मणी मिळाले असते. पण खणणाऱ्यांनी कुंचल्याने माती झाडली, म्हणून मण्यांच्या भोकात काय आहे ते दिसलं. दोरा! तांब्याच्या गंजाने कुजू न दिलेला. तपासणीत त्यात रेशमाचे आणि कापसाचे तंतू निघाले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी प्रवरेच्या काठी कोणीतरी सूत कातलं, त्यात मणी ओवले आणि ते आपल्या गेलेल्या मुलाच्या गळ्यात घातले. दायमाबादच्या रथापुढे या माळेचं वजन काहीच नाही. पण तिच्याबद्दल आपल्याला ठामपणे बोलता येतं, कारण ती होती तिथे, होती तशी, कोणीतरी पाहिली.

दहा रुपयांचा कायदा

इंग्लंडमध्ये जमीनमालकाच्या संमतीने डिटेक्टर फिरवण्याचा छंद मान्य आहे. १९९६ च्या कायद्यानुसार खजिन्यात मोडणारी वस्तू कळवावी लागते, आणि १९९७ पासून बाकीच्या वस्तूंचीही स्वेच्छेने नोंद करण्याची योजना आहे. आपल्याकडची चौकट वेगळी आहे. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यान्वये पुरातत्त्वीय उत्खनन परवानगीवाचून करता येत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं, शिल्प वा कलाकृती ‘पुरावस्तू’ ठरते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

नांगराला किंवा पायाच्या खड्ड्यात सहज काही लागलं, तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. जमिनीत लपलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय, किती, कुठे, कधी. चौकशीअंती निधी बेवारस ठरला आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा सापडवणाऱ्याचा, एक चतुर्थांश मालकाचा. सरकारला तो हवा असल्यास धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन घेता येतो. लपवलं तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘सरकारजमा होईल’ या भीतीने पुष्कळ नाणी सोनाराच्या मुशीत गेली. खरं पाहता कायदा सापडवणाऱ्याच्याच बाजूला झुकलेला आहे.

नगरकरांसाठी आणखी एक सावधगिरी. खारेकर्जुन्याच्या के. के. रेंजवर रणगाडे आणि तोफांचा सराव चालतो. तिथल्या गोळ्यांचं भंगार वेचताना स्फोट होऊन माणसं दगावली आहेत. जमिनीखालचा प्रत्येक सूर जुना नसतो, आणि जुना गोळाही थंड झालेला असतोच असं नाही. गोळ्यासारखं काही दिसलं तर तिथून दूर व्हावं आणि पोलिसांना कळवावं.

कैद्याचं खुरपं

भुईकोट किल्ल्यातला तो माती उकरणारा कैदी म्हणजे जवाहरलाल नेहरू. ऑगस्ट १९४२ ते मार्च १९४५ ते इथे होते आणि ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिलं गेलं. पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्यांनी सांगितलं आहे की बागेसाठी खणताना जुन्या भिंती आणि गाडल्या गेलेल्या इमारतींचे घुमट लागले. पण खोल खणायला अधिकाऱ्यांची मान्यता नव्हती आणि साधनंही नव्हती. एकदा भिंतीच्या अंगाला, बहुधा दाराच्या वर कोरलेलं, दगडी कमळ दिसलं.

त्या अंगणातून डिटेक्टर फिरवला असता तर खिळे वाजले असते, गोळ्या वाजल्या असत्या, एखादा पैसाही. कमळावरून चक्र मुकाट पुढे गेलं असतं.