वेगवान बेअरिंगास वंगण कोणतें घालावें?

अलिबाग, चौल, रेवदंडा, नागांव या भागांतील नारळ-सुपारीच्या वाड्यांस पूर्वीं रहाटाचें पाणी मिळे. रहाटाच्या कण्यास काय किंवा बैलगाडीच्या आंसास काय, घट्ट वंगण भरपूर चोपडलें म्हणजे काम भागत असे. पुढें रहाटांच्या जागीं विजेचे पंप आले. परंतु वंगण जितकें जाड व जितकें जास्त तितकें चांगलें, ही जुनी समजूत पुष्कळांच्या मनांत कायम राहिली आहे. गाडीस ती योग्य होती. मोटरीस ती घातक आहे.

याचें कारण वेगांत आहे. साडेचार फूट व्यासाचें गाडीचें चाक बैलाच्या चालीनें मिनिटास पंधरा-सोळा फेरे घेतें. पंपाची दोन ध्रुवांची मोटर मिनिटास सुमारें २,९०० फेरे घेते. वंगणाचें काम दोन धातूंमध्यें तेलाचा पातळ पापुद्रा राखण्याचें. गति मंद असतां पातळ तेल भारानें दाबून बाहेर पडतें, म्हणून तेथें जाड तेल लागतें. गति शीघ्र असतां फिरणारे छर्रे स्वतःच तेल आंत ओढून घेतात; तेथें जाड वंगण नुसतें घुसळलें जातें आणि त्या घुसळण्यानेंच बेअरिंग तापतें.

वेग मोजण्याची सोपी रीत अशी : बेअरिंगाच्या भोंकाचा व्यास मिलिमीटरांत घेऊन त्यास मिनिटाच्या फेऱ्यांनीं गुणावें. २५ मिलिमीटर भोंकाच्या पंपाच्या बेअरिंगाचा गुणाकार ७२,५०० येतो. त्यास लिथियम साबणाचें दोन नंबरचें चांगलें ग्रीस पुरतें. कारखान्यांतील यंत्राचा ४० मिलिमीटरांचा स्पिंडल १२,००० फेऱ्यांनीं फिरला तर तोच गुणाकार ४,८०,००० होतो. तेथें पातळ तेलापासून केलेलें खास ग्रीस वापरतात, अथवा हवेच्या झोताबरोबर तेलाचे सूक्ष्म थेंब पुरवितात. नियम दोहोंकडे एकच : वेग वाढला कीं वंगण पातळ व मोजकें.

आपल्या किनाऱ्यास खाऱ्या व दमट हवेचा आणखी एक विचार करावा लागतो. सोडियम साबणाचें ग्रीस पाण्यानें विरतें, म्हणून तें येथें निरुपयोगी. साधें कॅल्शियम ग्रीस पाण्यास दाद देत नाहीं, पण उष्णता सोसत नाहीं. लिथियम ग्रीस दोन्ही बाबतींत मध्यम असून सामान्य कामास पुरेसें आहे. समुद्रालगतच्या विहिरीवर कॅल्शियम सल्फोनेट जातीचें ग्रीस गंजास अधिक रोखतें. तें महाग असतें. घरचें खोबरेल मात्र घालूं नये. तें सुमारें २४ अंशांखालीं थिजतें आणि जुनें झाल्यावर त्याला आम्लता येते.

प्रमाणाविषयीं दक्षता घ्यावी. बेअरिंगांतील मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्शापासून अर्ध्यापर्यंत ग्रीस भरावें. तापमान ७० अंशांपुढें गेलें म्हणजे दर १५ अंशांच्या वाढीस ग्रीसचें आयुष्य सुमारें निम्में होतें. दोन जातींचें ग्रीस मिसळूं नये. कांहीं मिश्रणें पातळ होऊन वाहून जातात. जात बदलावयाची असल्यास जुनें धुऊन काढावें. ज्या बेअरिंगास दोन्ही बाजूंनीं पत्र्याचें किंवा रबराचें झांकण असतें, त्यांत कारखान्यांतच ग्रीस भरलेलें असतें. तें उघडूं नये, खराब झाल्यास नवें बसवावें.

पावसाळ्यांत पंप चार महिने स्वस्थ असतो. त्या काळांत आंत ओल शिरून छर्ऱ्यांवर गंजाचे ठिपके पडतात आणि पुढें तेथूनच बेअरिंग फुटतें. म्हणून वीज बंद करून दर पंधरवड्यास दांडा हातानें फिरवावा, म्हणजे ग्रीस पुन्हां सर्वत्र पसरतें.

सुपारीचीं मुळें वरवर पसरलेलीं असतात. वैशाखांत थोडे दिवस पाणी चुकलें तरी झाड सुकूं लागतें. बेअरिंग अडकून मोटर जळाल्यास नुकसान केवळ मोटरीचें होत नाहीं, लावलेल्या वाडीचें होतें. पंपाबरोबर मिळालेल्या पत्रकांत ग्रीसची जात व मुदत दिलेली असते. तें पत्रक जपून ठेवावें व ग्रीस घातल्याची तारीख त्यावरच टिपावी.