बायपासनंतरचे तीन महिने

हृदयाच्या शस्त्रक्रियेविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. किती तास लागले, किती ठिकाणी अडथळे होते, खर्च किती आला, हे सारे भेटायला येणाऱ्यांना तोंडपाठ असते. रुग्ण घरी आल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांविषयी मात्र कोणी फारसे सांगत नाही, आणि घरच्यांची खरी घालमेल याच काळात होते. गेल्या वर्षी माझ्या वडिलांची बायपास झाली. दवाखान्याचे कागद इंग्रजीत, डॉक्टर आणि परिचारिका कन्नड बोलणाऱ्या, आणि वडिलांचे दुखणे मराठीत. त्यामुळे दुभाष्याचे काम माझ्याकडे आले. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, वैद्यकशास्त्र माझा विषय नव्हे. तरीही डॉक्टरांना विचारून जे समजले ते येथे मांडते, कारण हे काम आपल्यापैकी अनेकांवर कधी ना कधी येणार आहे.

प्रथम शस्त्रक्रियेविषयी थोडेसे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या की पायातील शीर किंवा छातीच्या आतील धमनी जोडून रक्ताला वळणाचा रस्ता करून देतात. अर्जेंटिनाचे डॉ. रेने फावालोरो यांनी १९६७ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे पायातील शीर वापरून ही पद्धत रूढ केली. त्यासाठी बहुधा छातीचे मधले हाड उभे कापावे लागते आणि नंतर ते तारेने बांधतात. ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. पूर्ण बळकट व्हायला सुमारे तीन महिने.

या काळात नवे काही जाणवले की ते कोणत्या खात्यात मांडायचे, हा प्रश्न पडतो. माझ्या मते खाती तीन आहेत.

पहिले खाते जखम भरून येण्याचे. खोकताना, शिंकताना, कूस बदलताना छातीचे हाड दुखणे, ज्या पायातील शीर काढली त्याच्या घोट्याला सूज येणे, तोंडाची चव जाणे, झोप मोडणे, विनाकारण रडू येणे, हे सारे पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांना कमीअधिक होते आणि ओसरत जाते. खोकताना छातीशी उशी घट्ट धरावी, पाय उंचावर ठेवावा, जड उचलू नये. पाण्याने भरलेली बादलीसुद्धा जडच!

दुसरे खाते औषधांचे. मेटोप्रोलॉलसारख्या गोळीने नाडी मंद होते, थकवा येतो, हातपाय गार पडतात. अ‍ॅस्पिरिनने पोटात जळजळते. कोलेस्टेरॉलच्या गोळीने काहींचे स्नायू दुखतात. रामिप्रिल रक्तदाब उतरवते, पण त्याच क्रियेत ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ शरीरात साठतो आणि घशात खवखव होऊन कोरडा खोकला येतो.

तिसरे खाते धोक्याचे. शस्त्रक्रियेपूर्वीसारखे छातीत दडपणे, बसल्या जागी किंवा आडवे झाल्यावर दम लागणे, बेशुद्धी, तोंड वाकडे होणे, एका बाजूची शक्ती जाणे, असे झाल्यास वाट न पाहता १०८ ला फोन करावा. छातीत अनियमित धडधड, १००.४ अंशांवर ताप, जखमेतून पू, हाडात कटकट आवाज, काळा डांबरासारखा शौच, गडद तपकिरी लघवी किंवा दिवसात किलोभर वजन वाढणे, यांपैकी काहीही असले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

अडचण अशी की एकच लक्षण तिन्ही खात्यांत बसू शकते. तिसऱ्या आठवड्यात वडिलांना रात्री खोकला सुरू झाला. प्रत्येक उबळीला हाड दुखे. तारा तुटतील अशी त्यांना भीती वाटे. शेजारच्या काकूंनी निदान केले, "गोळ्या उष्ण पडल्या, चार दिवस बंद ठेवा." डॉक्टरांनी मात्र चारच प्रश्न विचारले. कफ पडतो का? ताप आहे का? आडवे झाल्यावर दम लागतो का? वजन वाढले का? चारही उत्तरे 'नाही' आल्यावर त्यांनी तपासून रामिप्रिलऐवजी दुसऱ्या वर्गाची गोळी दिली. खोकला काही आठवड्यांत गेला. एखादेही उत्तर 'हो' आले असते तर कदाचित फुफ्फुसात पाणी किंवा जंतुसंसर्ग शोधावा लागला असता. आणि काकूंचे ऐकून सगळ्याच गोळ्या थांबवल्या असत्या तर? मेटोप्रोलॉल एकाएकी बंद केल्यास छातीचे दुखणे उलटू शकते. अ‍ॅस्पिरिन थांबवल्यास नव्या जोडलेल्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. तसेच दुकानातून परस्पर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणणेही या रुग्णांना घातक ठरू शकते.

दुभाष्याची जबाबदारी येथेच कळते. वडील म्हणत, "चक्कर येते." कन्नडमध्ये त्याला सोपा शब्द 'तलेसुत्तु', म्हणजे डोके गरगरणे. पण खोदून विचारले तेव्हा कळले की गरगरत काहीच नव्हते. खाटेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत होती. त्याला कन्नडमध्ये 'कण्णु कत्तले' म्हणतात. तो शब्द ऐकताच डॉक्टरांनी बसवून आणि उभे करून रक्तदाब मोजला व गोळीची मात्रा कमी केली. दोन्ही भाषा येतात एवढ्याने भागत नाही. रुग्णाला नेमके काय होते ते आधी त्याच्याच भाषेत समजून घ्यावे लागते.

आमच्या किराणा दुकानात रोजकीर्द लिहायची पद्धत आहे. तशीच एक वही आम्ही घरी ठेवली. सकाळचे वजन, नाडी, रक्तदाब, ताप, घेतलेल्या गोळ्या, आणि शेवटच्या रकान्यात वडिलांच्याच शब्दांत तक्रार व तिची वेळ. तपासणीला जाताना ही वही आणि सर्व गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. कोणती तक्रार कोणत्या खात्यात जाते हे ठरवण्याचा अधिकार डॉक्टरांचा. त्यांच्यापुढे नोंद चोख ठेवणे एवढेच आपले काम. ते करायला वैद्यकीय पदवी लागत नाही. घरातल्या कोणाही शिकणाऱ्या मुलामुलीला ते जमेल.