शिट्टी न वाजवणारा कुकर

आपण बायका स्वयंपाकघरातली वेळ घड्याळापेक्षा कुकरच्या शिट्ट्यांवरच जास्त मोजतो, नाही का? "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर गं," हे वाक्य रोज ऐकू येत नाही असं घर आमच्या सांगलीत तरी शोधून सापडायचं नाही. आमच्याकडेही हेच चालत असे. पण शिट्टी ऐकणारे कानच दगा देऊ लागले तर काय करायचं, हा प्रश्न आमच्या घरात उभा राहिला आणि त्यातूनच विजेचा प्रेशर कुकर घरात आला. त्याचा हा अनुभव.

मी एका शाळेत आठवड्यातून चार दिवस शिकवायला जाते. साडेअकराला निघते, तीनपर्यंत परत येते. दुपारचा वरणभात सासूबाई लावीत. आईंचं वय त्र्याहत्तर. चाळीस वर्षं त्यांनी या घराचं स्वयंपाकघर सांभाळलं, तेव्हा त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. कान हळूहळू मंद होत गेले. तपासणी झाली, श्रवणयंत्रही आलं. पण भांड्यांचा खणखणाट डोक्यात जातो म्हणून स्वयंपाकघरात शिरताना त्या ते काढून ठेवीत.

२०२३ च्या श्रावणातली गोष्ट. त्यांनी तुरीच्या डाळीचा कुकर लावला आणि बाहेरच्या खोलीत पोथी वाचायला बसल्या. शिट्ट्या किती झाल्या कोण जाणे! पाणी आटलं, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि डाळ छतापर्यंत गेली. मी आले तेव्हा गॅस चालूच होता आणि आई शांतपणे वाचत होत्या. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. पण संध्याकाळी हे म्हणाले, "आई, आता तू गॅसला हात लावायचा नाही." बोलण्यात काळजीच होती हो, पण आईंचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा मला विचारून येऊ लागल्या. मी सकाळीच सगळं करून झाकून ठेवीत असे आणि त्या दोन घास खाऊन उठत. म्हणत, "गार अन्न जात नाही बाई."

त्या दिवाळीत भाऊबीजेला माझ्या भावानं ओवाळणीत विजेचा कुकर घातला. आईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "याला शिट्टीच नाही? मग शिजलं हे कळायचं कसं?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे, म्हणून हा लेख.

हे यंत्र आहे तरी काय?

तत्त्व आपल्या नेहमीच्या कुकरचंच आहे. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांवर उकळतं. झाकण घट्ट बसवून वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी त्याहून जास्त तापतं, म्हणून अन्न लवकर शिजतं. ही युक्ती जुनी आहे. दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं १६७९ साली असं भांडं बनवलं होतं. विजेवरच्या प्रेशर कुकरचं पेटंट चीनमध्ये १९९१ साली नोंदलं गेलं आणि २०१० साली कॅनडातल्या एका कंपनीनं 'इन्स्टंट पॉट' बाजारात आणल्यावर हा प्रकार घरोघरी माहीत झाला.

फरक एवढाच की इथे आच कमीजास्त करायचं काम यंत्र स्वतः करतं. दाब पुरेसा झाला की वीज आपोआप तुटते, कमी झाला की पुन्हा सुरू होते. म्हणून जास्तीची वाफ शिट्टी होऊन बाहेर पडत नाही. ठरलेली मिनिटं संपली की शिजवणं थांबतं आणि अन्न नुसतं गरम राहतं.

आता एक गैरसमज. "पाच मिनिटांत भात" असं खोक्यावर लिहिलेलं असतं, पण ती पाच मिनिटं दाब आल्यानंतरची. दाब यायला दहा-पंधरा मिनिटं आणि वाफ आपोआप जिरायला आणखी दहा मिनिटं धरा. शिवाय गॅसवरचा कुकर साधारण १५ पौंड दाबावर, म्हणजे १२१ अंशांच्या आसपास शिजवतो. विजेचे बरेच कुकर १० ते १२ पौंडांवर, म्हणजे ११५ ते ११८ अंशांवर चालतात. तेव्हा वेळ वाचेल या आशेनं हा कुकर घेणार असाल तर घेऊ नका, निराशा होईल. वाचतं ते उभं राहणं, कान देणं आणि "गॅस बंद केला का?" ही धास्ती.

घेताना काय पाहाल?

पहिली गोष्ट, दुकानात 'मल्टिकुकर' म्हणून दाखवतात ते सगळेच प्रेशर कुकर नसतात. काही नुसते भाताचे विजेचे कुकर असतात, त्यांत दाब नसतो. "यात प्रेशर आहे का?" असं स्पष्ट विचारा.

आकार. दोघा-तिघांना तीन लिटरचा पुरतो. चार-सहा माणसांच्या घरात पाच ते सहा लिटरचा घ्यावा. लक्षात ठेवा, कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नसतो आणि डाळ, तांदूळ, कडधान्य अशा फुगणाऱ्या जिनसा असतील तर निम्म्याच्या वर नाही. म्हणजे सहा लिटरच्या कुकरात डाळ पाण्यासकट तीनच लिटर.

आतलं भांडं. नॉनस्टिक आणि स्टेनलेस स्टील असे दोन प्रकार मिळतात. नॉनस्टिकला भात चिकटत नाही, पण स्टीलचा डाव आणि तारेची घासणी त्याला चालत नाही. आमचं भांडं स्टीलचं आहे. कामाला येणाऱ्या मावशींना रोज कोण सांगत बसणार?

आपले डबे. घरातून निघताना कुकरच्या डब्यांचा व्यास दोऱ्यानं मोजून दोरा पर्समध्ये टाका. डबे आत बसले तर वरणभात एकदम लावता येतो. न बसले तर हळहळ वाटते.

वीज. आमचा कुकर १००० वॅटचा आहे. तो पूर्ण ताकदीनं अर्धा तास चालला तर अर्धं युनिट जळतं, म्हणजे रोज एकदा लावला तरी महिन्याला पंधरा युनिटं. प्रत्यक्षात वीज मधूनमधून तुटत असल्यानं त्याहून कमीच. मात्र तीन पिनांचा, अर्थिंग असलेला भिंतीतला प्लग हवा. मिक्सर, फ्रिज आणि हा, असे सगळे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका.

आणि शेवटचं, दुरुस्तीची सोय आपल्या गावात आहे का, झाकणाची रबरी रिंग सुटी मिळते का, हे पैसे देण्याआधी विचारा.

वापरताना

तळाला पाणी हवंच. डबे ठेवून शिजवायचं असलं तरी आतल्या भांड्यात निदान कपभर पाणी घाला, नेमकं माप पुस्तिकेत पाहा. पाण्याशिवाय वाफ नाही आणि वाफेशिवाय दाब नाही.

फोडणी त्याच भांड्यात करता येते. पण कांदा-टोमॅटो परतल्यावर तळाला लागलेला मसाला पाणी घालून उलथन्यानं खरवडून घ्या. तसाच ठेवला तर तळ करपतो आणि यंत्र कुरकुर करून थांबतं.

आमच्याकडचं वेळापत्रक देते. भात: वाटीभर तांदळाला दीड वाटी पाणी, पाच मिनिटं. तूरडाळ: अर्धा तास भिजवून, तिप्पट पाणी, दहा मिनिटं. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ: दोन तास भिजवून, पंधरा मिनिटं. रात्रभर भिजवलेले छोले किंवा राजमा: पंचवीस ते तीस मिनिटं. मोड आलेली मटकी: दोनच मिनिटं, नाहीतर तिचा लगदा होतो. प्रत्येक वेळी वाफ आपली आपण जिरू द्यायची. डाळीची वाफ घाईनं सोडली तर फेस झाकणातून बाहेर येतो. वाफ सोडायचीच असेल तर झाकणावरची कळ लांब डावाच्या दांड्यानं फिरवा, तोंड बाजूला ठेवा आणि वर लाकडी कपाट नाही ना, हे बघा. झाकणावरची खुंटी खाली बसल्याशिवाय झाकणाशी झटापट करू नका.

राजम्याबद्दल एक सूचना महत्त्वाची. या कुकरांत मंद आचेवर सात-आठ तास शिजवायचीही सोय असते. राजमा तिच्यावर कधीही शिजवू नये. कच्च्या राजम्यात उलट्या-जुलाब घडवणारं विष असतं. ते चांगलं खळखळून उकळल्यावर किंवा दाबाखाली शिजल्यावरच मरतं, मंद आचेवर नाही. भिजवलेलं पाणीही फेकून द्या.

रबरी रिंगला वास धरतो. आदल्या दिवशी रस्सा केला की दुसऱ्या दिवशी खिरीला लसणाचा वास! दोन रिंगा ठेवा, एक तिखटाची आणि एक गोडाची. रोज झाकणातून काढून धुवा, वाळवा आणि आठवणीनं परत बसवा. ती नसली तर दाब येत नाही, आणि आपण बसतो वाट बघत.

भाकरी, पोळी, पिठलं, पालेभाजी यांसाठी मात्र गॅस हवाच. आणि वीज गेली की शिजवणं थांबतं, तेव्हा जुना कुकर माळ्यावर टाकू नका.

टिकल्यांची युक्ती

आता आमच्या घरची पुढची गोष्ट. यंत्रावरची अक्षरं इंग्रजी आणि बारीक. आई म्हणाल्या, "मला यातलं काय कळणार?" मग मी भाताच्या बटणाशेजारी लाल टिकली लावली, डाळीच्या शेजारी हिरवी, बंद करायच्या बटणाशेजारी काळी. आठवड्यात टिकल्या वाफेनं सुटल्या, तेव्हा नेलपॉलिशचे ठिपके दिले. ते अजून आहेत. पहिले चार दिवस मी शेजारी उभी राहिले. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "तू जा गं शाळेत. उशीर होतोय."

शिजल्यावर यंत्र बारीक पीप करतं. ते आईंना ऐकू येत नाही, पण आलं नाही म्हणून काही बिघडतही नाही! त्यांनी पोथीचा अध्याय पुरा करावा, हवं तर डुलकी काढावी, डाळ करपत नाही की काही उडत नाही. खुंटी खाली बसलेली डोळ्यांना दिसली की झाकण उघडायचं. डोळे त्यांचे अजून उत्तम आहेत.

आणि गंमत ऐका. चूक केली ती मी, बी. ए. झालेल्या मास्तरीणबाईंनी! एकदा शाळेच्या घाईत आतलं भांडं धुवायला काढलं होतं, ते विसरून मी कपभर पाणी थेट यंत्राच्या पोटात ओतलं. नशीब की प्लग लावलेला नव्हता. दुरुस्तीवाल्यानं उघडून वाळवून दिलं आणि म्हणाला, "ताई, बटण दाबलं असतंत तर शॉक नाहीतर नवीन कुकर." घरी आल्यावर आईंनी नियम केला, आतलं भांडं धुऊन पुसून लगेच जागेवर गेलंच पाहिजे, ओट्यावर दिसता कामा नये. हा नियम आता यांनाही लागू आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, शेजारणीनं घेतला म्हणून हा कुकर घेऊ नका, आणि आपल्याकडे तीन कुकर आहेत म्हणून नाकही मुरडू नका. घरात तो कोण वापरणार, एवढं आधी ठरवा. कान मंद झालेली सासू, कॉलेजला खोली घेऊन राहिलेला मुलगा, पाठीच्या दुखण्यानं ओट्यापाशी उभं न राहवणारी आई, यांच्यासाठी तो पैसे वसूल करतो. आणि आणलात तर चार दिवस त्यांच्या शेजारी उभं राहायची तयारी ठेवा. ते काम कुठलंही यंत्र करत नाही.

परवा मी तीनला घरी आले तर टेबलावर वाफाळतं वरण, भात आणि लिंबाची फोड. आई म्हणाल्या, "हात धू आणि बस. गार अन्न जात नाही बाई."