नर्सिंगचे शिक्षण : उशिरा निघालेल्यांसाठी

मागच्या उन्हाळ्यात गावी गेले होते, तेव्हा तिथल्या बालवाडीच्या बाई मला भेटायला आल्या. वय एकोणतीस. शिक्षण बारावी, तेही कला शाखेचे. दोन मुले, घरी तीन एकर कोरडवाहू जमीन. चहाचा कप हातात तसाच धरून त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही एवढी वर्षं दवाखान्यात काढलीत. मला आता नर्स होता येईल का? की माझी वेळ गेली?"

वेळ गेलेली नव्हती, पण फार उरलीही नव्हती. ए.एन.एम. आणि जी.एन.एम. या दोन अभ्यासक्रमांना प्रवेशासाठी ३५ वर्षांची मर्यादा आहे. तिच्या आत असाल तर दार उघडे आहे. आणि संसार पाठीशी घेऊन या कामाकडे वळणाऱ्या बायका काही आजच्या नाहीत. रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने १९०९ साली पुण्यात काम सुरू केले. पुढे त्या संस्थेने बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्याची सोय केली. त्यांत विधवा होत्या, घरातून पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या होत्या. त्या काळी लोक काय म्हणाले असतील, ते मी सांगायला नको.

आता वाटा कोणत्या, ते पाहू. ए.एन.एम. दोन वर्षांचा, फक्त स्त्रियांसाठी. गावच्या उपकेंद्रात लस टोचणारी, गरोदर बाईची तपासणी करणारी जी सिस्टर तुम्ही पाहता, तिचे हे शिक्षण. जी.एन.एम. तीन वर्षांचा, तो पुरुषांनाही खुला आहे. या दोन्हींना बारावी कोणत्याही शाखेची चालते. जी.एन.एम.ला मात्र इंग्रजी विषय असावा लागतो आणि निदान ४० टक्के गुण हवेत. तिसरी वाट बी.एस्सी. नर्सिंगची, म्हणजे पदवीची. ती चार वर्षांची. तिथे बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे, आणि खुल्या वर्गासाठी ४५ टक्के. शिवाय राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

बालवाडीच्या बाईंना इथेच धक्का बसला. कला शाखेमुळे पदवी गेली, असे त्यांना वाटले. तसे नाही. जी.एन.एम. होऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदले, की पुढे दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतो. तीन आणि दोन मिळून पाच वर्षे. म्हणजे थेट पदवीपेक्षा एक वर्ष जास्त. पण तीन वर्षांनी हातात नोंदणी येते, पगार सुरू होतो, आणि उरलेली दोन वर्षे आपल्या सवडीने, थोडे पैसे गाठीला बांधून करता येतात. ज्याच्या घरात खाणारी तोंडे आहेत त्याने हा हिशेब आधी करावा. माझ्या मते विज्ञानाची बारावी आणि घरचा आधार असेल तर सरळ पदवी बरी. नसेल तर जी.एन.एम.ची वाट मुळीच कमी नाही. ए.एन.एम. करून मग जी.एन.एम., मग पदवी अशी पूर्ण शिडी चढता येते, पण त्यात सात वर्षे जातात. खेड्यातच राहून आरोग्यसेविकेचे काम करायचे असेल तर ए.एन.एम. अवश्य करावे, केवळ पायरी म्हणून करू नये.

पैशाचे पाहू. शासकीय महाविद्यालयाची फी खाजगीच्या मानाने फार कमी असते, म्हणून तिथल्या जागेसाठी आधी खटपट करावी. खाजगीत जायची वेळ आली तर एक गोष्ट गाठीला मारून ठेवा : जागा केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घ्या. व्यवस्थापनाच्या कोट्यातली जागा सोपी दिसते, पण तिथे सवलती मिळत नाहीत. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने असा निर्णय केला, की आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्ग यांतल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची पूर्ण फी माफ व्हावी. त्याआधी निम्मी माफ होती. अट ही, की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती वेगळ्या आहेत. अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरायचे. आपल्या अभ्यासक्रमाला आणि आपल्या जागेला सवलत लागू आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी संस्थेकडून लेखी घ्यावे.

ऐकणाऱ्या शिक्षकांना एक सूचना. ज्यांचे बी.एड.सारखे एक व्यावसायिक शिक्षण पुरे झाले आहे, त्यांना दुसऱ्या व्यावसायिक शिक्षणासाठी काही शिष्यवृत्त्या मिळत नाहीत. तेव्हा नियम वाचून मगच राजीनामा लिहा.

आणि राजीनामा लिहावाच लागेल. नोकरी सांभाळून नर्सिंग होत नाही. पदवीला तासांना ऐंशी टक्के हजेरी लागते, आणि प्रात्यक्षिकाची तर शेवटी शंभर टक्के भरून द्यावी लागते. वॉर्डातल्या पाळ्या असतात, रात्रपाळीही असते. घरी बसून, पत्राने होणारे हे शिक्षण नव्हे. कमाई थांबेल ती किती, मुलांना कोण सांभाळील, वसतिगृहाचा आणि जेवणाचा खर्च काय, हे फीच्या शेजारी मांडा. पुष्कळदा फीपेक्षा हाच आकडा मोठा निघतो.

आता माझ्या घरचीच गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. माझ्या चुलतभावाच्या सुनेने तालुक्याच्या गावी एका संस्थेत सहा महिन्यांचा 'नर्सिंग कोर्स' केला. गळ्यातली माळ मोडून पैसे भरले. रंगीत प्रमाणपत्र मिळाले, फोटोही काढला. जिल्ह्याच्या दवाखान्यात ते दाखवले तेव्हा कळले, की त्यावर परिषदेची नोंदणी होत नाही आणि नोंदणीवाचून कोणी नर्स म्हणून घेत नाही. ती आज एका रुग्णालयात मदतनीस आहे. काम चांगले करते, पण पगार मदतनिसाचाच. मी त्याच खात्यात होते, आणि तिने मला विचारले नाही. मीही कधी आपणहून चौकशी केली नाही.

म्हणून प्रवेशापूर्वी दोन गोष्टी करा. परिचर्या परिषदेच्या यादीत त्या संस्थेचे नाव या वर्षासाठी आहे का ते पाहा. तीन वर्षांपूर्वीचा मान्यतेचा कागद भिंतीवर लावलेला असतो, त्यावर जाऊ नका. आणि रुग्णालय स्वतः जाऊन बघा. नियमाने जी.एन.एम. किंवा पदवीच्या संस्थेला शंभर खाटांचे स्वतःचे रुग्णालय हवे, आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण. सकाळी दहाच्या सुमारास वॉर्डात डोकावलात तर खाटा भरल्या आहेत का, शिकणाऱ्या मुली रुग्णाजवळ आहेत की व्हरांड्यात बसल्या आहेत, हे कळते. एखाद्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीला बाजूला घेऊन विचारा, 'सलाइन स्वतः किती वेळा लावलंस?' ती गप्प राहिली तर परत फिरा. मूळ गुणपत्रिका कोणाच्या कपाटात ठेवू नका, सत्यप्रती द्या.

बालवाडीच्या बाईंनी घरी बोलणी केली. सासूबाईंनी मुलांची जबाबदारी घेतली, पण एका अटीवर : दिवाळीला दोन दिवस तरी घरी यायचे. रात्रपाळी दिवाळीलाही असते, हे त्यांना मीच समजावून सांगावे असा निरोप परवा आला आहे. पुढच्या रविवारी मी तिकडे जाणार आहे.