रजोनिवृत्ती म्हणजे नेमकी कशातून निवृत्ती?

हा विषय कळंबसारख्या गावात व्यासपीठावरून बोलायचा नसतो, असं आम्हाला एक-दोघांनी सुचवलं. न बोलल्यानं काय होतं, ते पुढं येईलच.

सुरुवात शब्दापासून करू. 'निवृत्ती' हा तत्त्वज्ञानातला जुना शब्द. प्रवृत्ती म्हणजे जगाच्या खटाटोपाकडं धावणं, निवृत्ती म्हणजे त्यातून आत वळणं. ज्ञानेश्वरांच्या थोरल्या भावाचं, गुरूचं नाव निवृत्तिनाथ. ते नाव ऐकून 'संपलेला माणूस' असं कुणाच्या मनात येतं का? मग बाईच्या बाबतीतच निवृत्ती म्हणजे शेवट, हे कुठून आलं?

आपल्या शास्त्रांनी पुरुषाच्या आयुष्याचे चार आश्रम केले. संसारानंतरही त्याला दोन पायऱ्या ठेवल्या. बाईचं वय मात्र मुलगी, बायको, आई असं नात्यावरून मोजलं. मुलीला न्हाण आलं की पूर्वी मखरात बसवत, ओटी भरत. पाळी जाते तेव्हा ना मखर, ना ओटी. आम्ही नोकरीतून निवृत्त झालो तेव्हा शाल-श्रीफळ मिळालं, भाषणं झाली. बाईला ऐकायला मिळतं ते एवढंच, 'हिची चिडचिड फार वाढलीय!'

शरीरात काय होतं, ते समजून घेऊ. अंडाशयांचं काम हळूहळू थांबतं, इस्ट्रोजेन कमी होतं. सलग बारा महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली म्हणायचं. बहुतेकींना हे ४५ ते ५५ या वयात होतं. त्याआधी काही वर्षं पाळी मागंपुढं होते, अंगातून गरम वाफा निघतात, घामानं झोपमोड होते, मन उगाच भरून येतं. पुढं हाडं ठिसूळ होऊ शकतात. हा आजार नाही, पण त्रासावर उपचार आहेत. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावरून रक्त गेलं, तर लाजू नका, लगेच तपासून घ्या.

आता न बोलण्याची किंमत. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये पुढं आलं. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. मुकादमाकडून उचल घेतलेली. खाडा पडला की पैसे कापले जाणार. त्यात 'पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल' ही भीती. पिशवी काढली की पाळी जाते. सोबत अंडाशयंही काढली, तर जो बदल काही वर्षांत व्हायचा तो एकदम अंगावर येतो. तिला हे कुणी समजावून सांगितलं होतं? ही निवृत्ती तिची नव्हतीच, तिच्यावर लादलेली होती.

आता गावातल्या घराघरात या. आपल्या आज्या नऊवारी नेसत, आया सहावारी. तीही एके काळी नवलाईच होती. आज पन्नाशीची बाई पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घालते, केस रंगवणं सोडते, तर लगेच 'या वयात?' अहो, याच वयात! वाफा निघत असताना सैल सुती कपडा ही चैन नव्हे, सोय आहे. आणि नुसती हौस असली तरी बिघडलं काय? तुळजापूरला नवरात्रात भवानीची कधी मुरली अलंकार पूजा असते, कधी शेषशायी, कधी महिषासुरमर्दिनी. देवीनं रूप बदललं म्हणून कुणी तिचं वय काढत नाही.

कुणी म्हणेल, कुठं फडातली बाई, कुठं ड्रेसची हौस. दुःखं सारखी नाहीत, हे खरंच. प्रश्न मात्र एकच आहे: या शरीराबद्दल ठरवणार कोण? आमच्या मते निवृत्तीचा अर्थ इथं लागतो. बाई शरीरातून निवृत्त होत नाही. दुसऱ्यांनी त्यावर सांगितलेल्या हक्कातून ती बाहेर पडू शकते. त्यासाठी तिला माहिती हवी आणि घरच्यांची साथ हवी.

म्हणून एक विनंती. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवा बहिणींनाही बोलवा, आणि वाण देताना एकमेकींना विचारा, "रात्री झोप लागते का गं?" पुरुषांनी संक्रांतीची वाट पाहू नये. आज घरी गेल्यावरच विचारावं, आणि उत्तर पुरतं ऐकून घ्यावं.