घड्याळ विसरा, तिथी विचारा!

आमची वाघोली पुण्याच्या पूर्वेस, नगर रस्त्यावर. २०२१ साली गाव पुणे महापालिकेत गेले, तरी वाघेश्वराचे देऊळ आणि पिलाजीराव जाधवरावांची समाधी आम्हांला अजून गावकरीच ठेवतात. पाण्याशी आमचा संबंध म्हणजे देवळाजवळचे तळे आणि दारी येणारा टँकर. भरती-ओहोटी हे शब्द आम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचले, परीक्षेत लिहिले आणि विसरून गेलो.

एखादा बावळटासारखा वागला, की "अलिबागहून आलास काय?" असे विचारण्याची आपल्याकडे खोड आहे. २०१९ साली या बोलण्यावर बंदी घालावी म्हणून एक अलिबागकर थेट मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने अर्ज फेटाळला. हा विनोद आम्हीही पुष्कळदा केलेला. म्हणूनच पुढची हकिगत सांगताना थोडी लाज वाटते.

मुले लहान होती. दिवाळीच्या सुटीत खोपोली, पेण, वडखळ करीत अलिबाग गाठले. बरोबर आमची आई. सकाळी अकराच्या सुमारास किनाऱ्यावर उभे राहिलो. समोर समुद्रात कुलाबा किल्ला, आणि माणसे वाळूतून खुशाल चालत त्याच्याकडे निघालेली! एका घोडागाडीवाल्याने विचारले, "काका, आज तिथी कोणती?" आम्ही त्याला मनगटावरचे घड्याळ दाखवले. मागून आई म्हणाली, "षष्ठी." "मग बाराच्या आत माघारी फिरा," तो म्हणाला. आम्हांला वाटले, गाडी करावी म्हणून भीती घालतो आहे.

किल्ला पाहायला बसलात तर वेळेचे भान राहत नाही. शिवछत्रपतींनी १६८० साली हे काम हाती घेतले आणि संभाजीमहाराजांच्या कारकिर्दीत ते पुरे झाले. तटाचे प्रचंड चिरे चुन्याशिवाय रचलेले आहेत. लाट फटीत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. आत रघूजी आंग्रे यांनी १७५९ साली बांधलेले गणपतीचे मंदिर, आणि चहूकडे खारे पाणी असताना गोड्या पाण्याचे तळे! आम्ही तळ्याकाठी डबा सोडला. पोळ्या, बटाट्याची भाजी, वर चिवडा-चकल्या. दीड वाजता दरवाजाबाहेर येऊन पाहतो, तो वाळू नाहीशी झालेली.

"घोट्याएवढेच आहे," म्हणून आम्ही निघालो. घोट्याचे गुडघ्यापर्यंत आले, गुडघ्याचे कमरेला. धाकटा आमच्या खांद्यावर, थोरलीचा हात एका मुठीत, आईचा दुसऱ्या. पायाखालची वाळू सरकू लागली. आई काही बोलेना. तिची बोटे मात्र आमच्या हातात रुतत होती. तेवढ्यात तोच गाडीवाला शेवटची फेरी घेऊन आला. पाणी घोड्याच्या पोटाला लागले होते. त्याने आधी आईला वर घेतले, मग पोरांना. काठावर आल्यावर नेहमीचेच भाडे घेतले. "कुठून आलात?" एवढेही त्याने विचारले नाही, इतका तो सभ्य!

वर त्याने एक हिशेब शिकवला. वाचकहो, तो मात्र लिहून ठेवा. तिथीची पाऊणपट करा, म्हणजे भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन. तीनला पूर्ण भरती. तिच्या सहा तास आधी, म्हणजे सकाळी नवाला, पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि भरतीही त्याच्यामागून उशिरा येते, म्हणून हे गणित जमते. आमच्या षष्ठीला ओहोटी साडेदहालाच संपली होती! हिशेब ठोकळ आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच. तेव्हा छापील वेळापत्रक पाहावे आणि काठावरच्या माणसाचे ऐकावे. अष्टमीच्या आसपास पाणी फारसे उतरत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

यंदा भाऊबीजेला गेलात तर ओहोटी सकाळी साडेसातच्या आसपास मिळेल. उजाडताच किल्ला पाहा, आणि पाणी वळायच्या आत परता. उरलेला दिवस भरतीच्या स्वाधीन करा. गावात कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे. १९०४ पासून चालू असलेली चुंबकीय वेधशाळाही इथलीच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी तिथल्या चुंबकसुया विचलित होणार, म्हणून हे काम अलिबागला आणले आणि इमारत लोखंडाशिवाय उभारली. दक्षिणेला आक्षीचा प्राचीन मराठी शिलालेख, पुढे चौल, आणि रेवदंड्याला पोर्तुगिजांचा ढासळता कोट. उत्तरेला किहीम, तिथे सलीम अलींनी सुगरण पक्ष्यांची घरटी न्याहाळली. निघताना पांढऱ्या कांद्याची माळ मिळाली तर जरूर घ्या.

पिलाजीराव हे थोरल्या बाजीरावांचे भरवशाचे सरदार. १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून याच कुलाब्यावर चालून आले, तेव्हा बाजीराव आंग्र्यांच्या मदतीला घाटाखाली धावले. पुढच्याच महिन्यात पोर्तुगिजांनी तह केला. म्हणजे घाटावरच्या माणसांनी अलिबागला येण्यात नवे काही नाही. त्यांनी येताना तिथल्या माणसाचा शब्द मात्र मानावा.

आई आता नाही. त्या दिवशी तिथी एकट्या तिलाच ठाऊक होती, आणि आम्ही मात्र घड्याळ दाखवीत होतो. आता अलिबागचा बेत ठरला, की थोरली आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहते. कोणी हसून "अलिबागहून आलात काय?" म्हटलेच, तर आम्ही सांगतो, "होय, तिथूनच शहाणे होऊन आलो!"