आधार, आधेय आणि घरांतला संगणक

हल्लीं पुष्कळ कुटुंबांत एखादा मुलगा किंवा मुलगी संकेतस्थळें तयार करण्याची विद्या शिकत असते, आणि तिच्यासाठीं संगणक कोणता घ्यावा हा प्रश्न वडील मंडळींपुढें येतो. "कोणताही चालेल, इंटरनेट सर्वांना एकच," असें उत्तर बहुधा मिळतें. हें उत्तर अर्धेंच खरें आहे. आणि उरलेल्या अर्ध्याचा खर्च घरास सोसावा लागतो.

तयार झालेलें संकेतस्थळ ब्राउझरमध्यें उघडतें. पाहणाराचा संगणक विंडोजचा, मॅकचा कीं लिनक्सचा, याशीं त्यास फारसें कर्तव्य नसतें. परंतु ज्या साधनांनीं तें घडवावयाचें, तीं ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधारावरच उभीं असतात. न्यायशास्त्रांत पात्र आणि घृत यांचा जो आधाराधेयसंबंध सांगतात, तोच येथें आहे.

मायक्रोसॉफ्टनें २००२ सालीं डॉटनेट फ्रेमवर्क प्रसिद्ध केलें; त्यावर काम करावयाचें तर विंडोज घेणें जवळजवळ अपरिहार्य होतें. उलट, २००९ सालीं रायन डाल यांनीं निर्माण केलेलें नोड-जेएस प्रथम लिनक्स व मॅक यांच्यासाठींच होतें. विंडोजवर तें नीट चालूं लागलें २०११ मध्यें. पुढें या भिंती खचत गेल्या. २०१५ सालीं आलेला व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा संपादक तिन्हींवर चालतो. २०१६ सालीं डॉटनेट कोअर तिन्हींवर आलें, आणि त्याच वर्षीं विंडोजच्या पोटांत लिनक्सचीं साधनें चालविण्याची सोयही झाली.

म्हणून आतां चिंता नको असें मात्र नव्हे. पहिली अडचण वयाची. विंडोज ७ चा सर्वसाधारण सांभाळ १४ जानेवारी २०२० रोजीं संपला, व त्याच वर्षीं आलेल्या नोडच्या १४ व्या आवृत्तीनें तिची संगत सोडली. विंडोज १० चा सर्वसाधारण सांभाळही १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला आहे. यंत्र धडधाकट असलें तरी नवीं साधनें जुन्या सिस्टिमवर चढत नाहींत. असें यंत्र मोडींत काढण्यापूर्वीं त्यावर लिनक्स घालून पाहावें; तें मोफत मिळतें.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. फाइलीच्या नांवांतील मोठ्या व लहान रोमन अक्षरांत विंडोज सहसा भेद करीत नाहीं; लिनक्समध्यें तो कसोशीनें पाळला जातो. चित्राच्या फाइलीस मोठ्या अक्षरानें नांव दिलें, पानांत तेंच लहान अक्षरानें लिहिलें, तरी घरीं विंडोजवर चित्र दिसतें. तेंच काम सर्व्हरवर चढविलें, आणि सर्व्हर पुष्कळदां असतो तसा लिनक्सचा असला, कीं चित्र नाहींसें होतें! 'दिन' आणि 'दीन' यांतील ऱ्हस्वदीर्घ ज्यानें पाळलें नाहीं, त्याची जी फजिती, तीच ही. ज्या आधारावर काम शेवटीं राहावयाचें, त्यावरच तें आधीं चालवून पाहणें हा यावरील उपाय. २०१३ पासून उपलब्ध असलेलें डॉकर पुष्कळ लोक याच हेतूनें वापरतात.

तेव्हां पैसे मोजण्यापूर्वीं शिकणाराकडून एका कागदावर लिहून घ्यावें कीं, अभ्यासांत कोणतीं साधनें आहेत, त्यांस सिस्टिमची कोणती आवृत्ति लागते, आणि तयार काम कोठें ठेवावयाचें आहे. साधनांचे निर्माते ही माहिती देतात; ती शोधणें हाही विद्येचाच भाग होय. हा कागद हातीं घेऊन पाहिलें असतां घरांतला जुना संगणकच पुरेसा आहे, असेंही पुष्कळदां निघेल.